घड्याळात सात हजार पावलं, कॅलरी ॲपमध्ये भोपळा: सिंक बिघडलं की काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं

सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन आलं, घड्याळात सात हजार पावलं दिसतायत, आणि घरी येऊन कॅलरी ॲप उघडलं की तिथं भोपळा. म्हणजे सिंक, घड्याळातला आकडा ॲपमध्ये आपोआप उतरणं, ते बिघडलं. मग नव्वद टक्के लोकं पहिलं काम काय करतात तर घड्याळ फोनपासून काढून टाकतात, रिसेट मारतात आणि परत जोडतात. आणि मग कळतं की आजचंच काय, मागच्या आठवड्याचंही सगळं गेलं, कारण ते फोनमध्ये उतरलेलंच नव्हतं. साताऱ्यात गोडोलीच्या आमच्या सकाळच्या ग्रुपात हे इतक्या जणांचं झालं की प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं.

ही बारीकसारीक गोष्ट नाहीये हो. आमच्या शेजारच्या वहिनी ॲपमध्ये उरलेल्या कॅलरी बघून रात्री एक भाकरी खायची का दोन ते ठरवतात. तिथला आकडा चुकला तर ताट चुकतं.

आधी हे डोक्यात बसवा: डेटा कुठून कुठं जातो

उसाला पाणी पोचत नसलं तर आपण सगळी पाइपलाइन उकरत नाही. आधी मोटर बघतो, मग व्हॉल्व्ह, मग चारी कुठं फुटलीय का ते बघत बघत शेवटच्या सरीपर्यंत जातो. इथंही तेच करायचं. चार ठिकाणं आहेत:

१. हातातलं घड्याळ किंवा बँड
२. त्या घड्याळाचं स्वतःचं ॲप, म्हणजे ज्या कंपनीचं घड्याळ तिचं ॲप
३. मधली टाकी: अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट, आयफोनवर ॲपल हेल्थ
४. कॅलरी ॲप, जिथं आपण खाल्लेलं लिहितो

बहुतेक कॅलरी ॲप घड्याळाशी थेट बोलत नाहीत, ती टाकीतून पाणी घेतात. म्हणून कॅलरी ॲप काढून परत टाकून काही होत नाही जर मोटरच बंद असेल. काही घड्याळांची ॲप टाकीला वळसा घालून थेट इंटरनेटवरून कॅलरी ॲपला जोडलेली असतात, तिथं तिसरं ठिकाण नसतं, बाकी क्रम तोच. ही थेट जोडणी पासवर्ड बदलल्यावर बऱ्याचदा तुटते, मग तेवढं परत लॉगिन करून द्यावं लागतं.

एक जुनी सवय सोडा. मधली टाकी म्हणून पूर्वी सगळे गूगल फिट वापरायचे. त्या पद्धतीला १ मे २०२४ पासून नवीन ॲप जोडून घेणं गूगलने थांबवलंय आणि सगळे हेल्थ कनेक्टकडं सरकलेत. तुमचं कॅलरी ॲप अजून गूगल फिटवरच जोडलेलं असेल तर आधी ते हेल्थ कनेक्टवर आणा, जुन्यावर डोकं आपटून वेळ घालवू नका.

तयारी: हात लावायच्या आधी पाच मिनिटं

एक कागद घ्या. खरंच कागद घ्या, कारण ॲपमधून ॲपमध्ये उड्या मारताना आकडे लक्षात राहत नाहीत.

घड्याळ आणि फोन दोन्ही निम्म्यापेक्षा जास्त चार्ज करा. फोनचा बॅटरी सेव्हर बंद करा, कारण तो चालू असताना कुठलीही टेस्ट खरी मानता येत नाही. प्ले स्टोअरला जाऊन घड्याळाचं ॲप आणि कॅलरी ॲप अपडेट करून घ्या. अँड्रॉइड १४ किंवा पुढचं असेल तर हेल्थ कनेक्ट फोनमध्येच असतं, सेटिंग्ज उघडून वरच्या सर्चमध्ये हेल्थ टाइप केलं की सापडतं. अँड्रॉइड १३ किंवा आधीचं असेल तर प्ले स्टोअरवरून वेगळं घ्यावं लागतं, आणि लोकांचं इथंच अडतं, ते नसतंच फोनमध्ये.

मग अकाउंट बघा. कॅलरी ॲपमध्ये कुठल्या नावानं लॉगिन आहे ते कागदावर लिहा. वहिनींचं काय झालं होतं, पहिल्यांदा मोबाईल नंबरवर ओटीपी घेऊन अकाउंट काढलं, नंतर फोन बदलला तेव्हा पोरानं गूगलने लॉगिन करून दिलं, म्हणजे अकाउंट दोन झाली. जुन्या टॅबवर त्या जेवण लिहायच्या ते एका अकाउंटवर आणि फोनमधून पावलं जायची दुसऱ्याच अकाउंटवर. सिंक अगदी बरोबर चालू होतं, फक्त भलत्याच घरात. दोन दिवस आम्ही परमिशनच तपासत बसलो.

इशारा: या टप्प्यावर घड्याळ अनपेअर करायचं नाही, म्हणजे फोनपासून तोडायचं नाही, रिसेट करायचं नाही, घड्याळाचं ॲप काढायचं नाही, त्याचा डेटा क्लिअर करायचा नाही. बऱ्याच घड्याळांत अनपेअर केलं की घड्याळ आतून कोरं होतं. फोनमध्ये न उतरलेली पावलं कुठूनच परत येत नाहीत.

पायरी १: तुटलंय कुठं ते शोधा

घड्याळ हातात घालून अंगणात नाहीतर गच्चीवर दोनशे पावलं चाला. मग पाच मिनिटं थांबून चारही ठिकाणचा आजचा पावलांचा आकडा कागदावर एकाखाली एक लिहा. हेल्थ कनेक्टमध्ये डेटा अँड ॲक्सेस, मग ॲक्टिव्हिटी, मग स्टेप्स असं गेलं की नोंदी दिसतात आणि कुठल्या ॲपनं लिहिल्या तेही दिसतं. आयफोनला हेल्थ ॲपमध्ये स्टेप्स उघडून अगदी खाली गेलं की नोंदी आणि त्यांचे सोर्स दिसतात.

समजा आकडे असे आले: घड्याळ ६८४०, घड्याळाचं ॲप ६८४०, हेल्थ कनेक्ट ०, कॅलरी ॲप ०. म्हणजे तूट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे आहे. घड्याळाला, ब्लूटूथला, कॅलरी ॲपला हात लावायची गरजच नाही. सरळ पायरी ४ वर जा.

घड्याळ ६८४० आणि त्याचं ॲप २१०० असेल तर पायरी २ आणि ३. पहिले तिन्ही सारखे आणि फक्त कॅलरी ॲप वेगळं असेल तर पायरी ४ मधला वाचायच्या परवानगीचा भाग आणि पायरी ५.

तपासा: शंभरदोनशे पावलांचा फरक म्हणजे बिघाड नाही, मधे थोडा वेळ जातो. आणि एक, मनगटावरचं घड्याळ हाताच्या हालचालीवरून मोजतं. भाकरी थापताना किंवा धुणं पिळताना काही पावलं उगाच पडतात, आणि भाजीच्या पिशव्या धरून हात न हलवता चाललं तर काही बुडतात. ते सिंकचं काम नाही, त्यासाठी सेटिंग उचकटू नका.

पायरी २: घड्याळ ते घड्याळाचं ॲप

१. घड्याळाचं ॲप उघडा, मुख्य पानावर बोटानं खाली ओढा आणि सिंक पूर्ण होईपर्यंत ॲप उघडंच ठेवा. पुष्कळ दिवसांचं साठलं असेल तर काही मिनिटं लागतात, मधेच व्हॉट्सॲपला जाऊ नका.

२. जोडलंच जात नसेल तर घरात दुसरा फोन शोधा. पुण्याहून पोरानं त्याचं जुनं घड्याळ आणून दिलं आणि सुट्टीला तो घरी आला की घड्याळ त्याच्याच फोनला जाऊन चिकटतं, हे मी दोन घरांत बघितलंय. त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि परत बघा.

३. परमिशन बघा. अँड्रॉइड १२ पासून पुढं निअरबाय डिव्हायसेस नावाची परमिशन लागते. त्याआधीच्या फोनमध्ये ब्लूटूथवरून घड्याळ शोधायला लोकेशन चालू लागतं, ते बंद ठेवून घड्याळ सापडत नाही म्हणून वैतागणारे खूप.

४. तरीही नाही तर फोन रिस्टार्ट, घड्याळ रिस्टार्ट. रिस्टार्ट म्हणजे बंद करून चालू. रिसेट नव्हे.

यवतेश्वरच्या घाटात किंवा कासकडं जाताना रेंज गेली म्हणून घाबरू नका. घड्याळातून फोनमध्ये डेटा ब्लूटूथनं येतो, त्याला रेंज लागत नाही. घड्याळाच्या आत तो काही दिवस टिकतो, किती दिवस ते मॉडेलवर आहे, म्हणून निदान दोन दिवसांतून एकदा ॲप उघडून ओढून घ्यायची सवय लावा.

पायरी ३: बॅटरीची सेटिंग, सगळ्यात जास्त भानगड इथंच

सकाळी सिंक होतं, दुपारनंतर थांबतं, ॲप उघडलं की परत सगळं धाडकन येतं. असं होत असेल तर डोळे झाकून समजा की फोन ते ॲप मागून बंद करतोय. बॅटरी वाचवायला फोन मागं चालणारी ॲप मारतात आणि त्यात घड्याळाचं ॲप पहिलं जातं, कारण आपण ते फारसं उघडतच नाही.

घड्याळाचं ॲप आणि कॅलरी ॲप, दोन्हीला हे करा. एकालाच करून भागत नाही.

१. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी. तिथं अनरिस्ट्रिक्टेड किंवा नो रिस्ट्रिक्शन्स निवडा.

२. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये ऑटोस्टार्ट नावाचं वेगळं बटण असतं, ते चालू करा. सॅमसंगमध्ये नेव्हर स्लीपिंग ॲप्सची यादी असते, त्यात दोन्ही टाका. विवो, ओप्पो, रिअलमीमध्ये बॅकग्राउंडला चालू द्यायची परवानगी बॅटरीच्या पानावरच मिळते.

३. त्याच ॲपच्या पानावर खाली, वापरात नसेल तर ॲप थांबवा किंवा परमिशन काढा अशा अर्थाचं एक बटण असतं. ते बंद करा. काही महिने एखादं ॲप उघडलं नाही तर अँड्रॉइड स्वतःहून त्याच्या परमिशन काढून घेतं. वर्षभर छान चाललेलं सिंक एक दिवस कारण नसताना बंद पडतं त्यामागं बऱ्याचदा हेच असतं.

४. रिसेंट ॲप्समधून सगळं ढकलून साफ करायची सवय असेल तर या दोघांना सोडा. तिथं बऱ्याच फोनमध्ये ॲपला कुलूप लावायची सोय असते, असेल तर ते लावा.

आयफोनवाल्यांनी बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश चालू आहे का बघा, लो पॉवर मोड बंद ठेवा, आणि ॲप वर ढकलून बंद करू नका. शिवाय आयफोन लॉक असताना हेल्थमधला डेटाही कुलूपबंद असतो, दुसरं ॲप तो वाचू शकत नाही. त्यामुळं फोन खिशात ठेवून चालताना कॅलरी ॲपमधला आकडा थांबलेला दिसला तर तो बिघाड नाही, फोन अनलॉक करून ॲप उघडा, येतो.

तपासा: एक पूर्ण दिवस जाऊ द्या. संध्याकाळी घड्याळाचं ॲप न उघडता आधी हेल्थ कनेक्टमधला आकडा बघा. सकाळनंतरची पावलं तिथं असतील तर ही पायरी झाली.

पायरी ४: परमिशन, लिहायची वेगळी आणि वाचायची वेगळी

सगळ्यात गोंधळ इथं, म्हणून सावकाश वाचा.

हेल्थ कनेक्टमध्ये प्रत्येक ॲपला दोन तऱ्हेच्या परवानग्या असतात. घड्याळाच्या ॲपला टाकीत पाणी सोडायची, म्हणजे लिहायची परवानगी लागते. कॅलरी ॲपला टाकीतून घ्यायची, म्हणजे वाचायची. लोकं कॅलरी ॲपला सगळं देऊन मोकळी होतात आणि घड्याळाच्या ॲपला काहीच दिलेलं नसतं. टाकी कोरडी, नळ उघडा.

१. आधी घड्याळाच्या ॲपमध्ये जाऊन हेल्थ कनेक्ट किंवा थर्ड पार्टी डेटा असं जे काही असेल ते चालू करा. इथून चालू केल्याशिवाय हेल्थ कनेक्टच्या यादीत ते ॲप बऱ्याचदा दिसतही नाही.

२. मग हेल्थ कनेक्ट उघडा, ॲप परमिशन्समध्ये घड्याळाच्या ॲपला लिहायला स्टेप्स, एक्सरसाइज, डिस्टन्स आणि ॲक्टिव्ह कॅलरीज द्या.

३. घड्याळाचं ॲप सिंक करा आणि हेल्थ कनेक्टमध्ये नोंद आली का ते डोळ्यानं बघा. आली नाही तर पुढं जाऊ नका.

४. आता कॅलरी ॲपला त्याच चार गोष्टी वाचायला द्या. बॅकग्राउंडला वाचायची परवानगी वेगळी दिसत असेल तर तीही द्या, नाहीतर ॲप उघडल्यावरच आकडा हलेल.

फक्त स्टेप्स देऊन थांबू नका. सातारकरांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. शाहू स्टेडियमवर सपाटीला तीन हजार पावलं आणि अजिंक्यताऱ्याच्या चढाला तीन हजार पावलं यात जीव किती वेगवेगळा निघतो ते चढणाऱ्याला माहितीये, पण नुसत्या पावलांवरून हिशोब करणाऱ्या ॲपला दोन्ही सारखंच. घड्याळात हाइक किंवा रन लावून चढलात आणि एक्सरसाइजची परमिशन दिलेली असेल तर तो वर्कआउट स्वतःच्या कॅलरीसकट पुढं जातो. हिल हाफ मॅरेथॉनच्या २१ किलोमीटरची तयारी करत यवतेश्वर पळणाऱ्या पोरापोरींनी हे आधी तपासा.

आयफोनला एक फसवी गोष्ट आहे. पहिल्यांदा परमिशनचा पडदा येतो तेव्हा घाईत नाही म्हटलं गेलं तर तो पडदा परत येत नाही. आणि वाचायची परवानगी नाकारलेली असली तरी कॅलरी ॲपला ते कळू शकत नाही, त्याला नुसता डेटा नाही असं दिसतं. म्हणून ॲपमध्ये कनेक्टेड अशी हिरवी खूण असते आणि आकडा शून्य. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथं हेल्थ, त्यात कॅलरी ॲप, आणि एकेक बटण स्वतः चालू करा.

पायरी ५: दोनदा मोजलं जातंय का

शून्य दिसलं की माणूस लगेच शोधाशोध करतो, दुप्पट दिसलं की खूश होतो. दुप्पट जास्त वाईट, कारण ॲप म्हणतं अजून चारशे कॅलरी खा, आणि आपण खातो.

दुप्पट होतं कसं तर घड्याळाचं ॲप लिहितं, फोन खिशात असतो म्हणून फोनची पावलं मोजणारं ॲप पण लिहितं, पळण्याची नोंद ठेवणारं तिसरं ॲप तोच वर्कआउट परत लिहितं, आणि वरून कॅलरी ॲपला घड्याळ थेटही जोडलेलं असतं. एकच फेरी चार तोंडांनी.

१. ठरवा की पावलं एकाच ॲपनं लिहायची. बाकीच्यांची स्टेप्स लिहायची परवानगी हेल्थ कनेक्टमधून काढा.

२. वर्कआउटही एकाच ॲपनं लिहायचा.

३. कॅलरी ॲपमध्ये स्टेप्सचा सोर्स निवडायची जागा असेल तर तिथं एकच ठेवा. थेट जोडणी किंवा हेल्थ कनेक्ट, दोन्ही नको.

४. हेल्थ कनेक्टमध्ये मॅनेज डेटात सोर्स आणि प्रायॉरिटीची यादी आहे, तिथं घड्याळाचं ॲप सगळ्यात वर आणा. आयफोनला हेल्थमध्ये स्टेप्सच्या खाली डेटा सोर्सेसमध्ये एडिट दाबून क्रम बदलता येतो. पण नुसत्या क्रमावर विसंबू नका, प्रत्येक ॲप तो क्रम पाळतंच असं नाही, सुट्या नोंदी उचलून स्वतः बेरीज करणारी ॲपही असतात. जादा सोर्स काढणं हाच खरा उपाय.

इशारा: सिंक येत नाही म्हणून हातानं "चालणे १ तास" लिहिलं आणि संध्याकाळी सिंक आलं, तर दोन्ही धरलं जातं. हातानं लिहिलेलं लगेच पुसा.

पायरी ६: पावलं जुळली, कॅलरी जुळत नाहीत

इथं बिघाड नसतो, हिशोब वेगळा असतो. ६५ किलोचा माणूस एक तास मध्यम वेगानं चालला, साधारण ३.५ मेट (म्हणजे नुसतं बसण्याच्या साडेतीन पट खर्च) धरलं, तर ६५ गुणिले ३.५ म्हणजे सुमारे २२७ कॅलरी. पण तो तासभर नुसता बसला असता तरी साधारण ६५ गेल्याच असत्या. म्हणजे चालण्यामुळं जादा गेल्या त्या १६२ च्या आसपास. एका ॲपमध्ये २२७ दिसतं, त्या टोटल कॅलरीज, दुसऱ्यात १६२, त्या ॲक्टिव्ह, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

आता कॅलरी ॲपनं तुमचं वय, वजन, उंची घेऊन बसल्याजागीचा खर्च आधीच धरलेला असतो. त्यात टोटल कॅलरीज ओतल्या तर तो खर्च दोनदा धरला जातो. म्हणून निवड असेल तिथं टोटल नको, ॲक्टिव्ह घ्या.

आणि प्रोफाइलमध्ये तुमची दिवसभराची हालचाल किती असं विचारतात तिथं लोकं अभिमानानं व्हेरी ॲक्टिव्ह टाकतात आणि वर घड्याळही जोडतात. मग चालणं दोनदा मोजलं जातं. घड्याळ जोडलं असेल तर तिथं सगळ्यात कमी हालचालीचा पर्याय ठेवा, बाकीचं घड्याळ भरेल. वजनही दोन्ही ॲपमध्ये सारखंच हवं, एकात दोन वर्षांपूर्वीचं ७४ आणि दुसऱ्यात आजचं ६५ असेल तर आकडे कधीच जुळणार नाहीत.

पायरी ७: पहाटेची पावलं कालच्या दिवसात जातात

पहाटे पाचला निघणाऱ्यांसाठी खास. आमच्या ग्रुपातले एक काका पावणेपाचला चालू करायचे आणि त्यांची रोजची पहिली तीनचार हजार पावलं आदल्या दिवशीच्या खात्यात पडायची. त्यांनी सोर्स बदलले, परमिशन बदलल्या, काही उपयोग नाही. मग नोंदी उघडून वेळ बघितली तर बरोबर साडेपाचला दिवस बदलत होता.

आपली वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढं आहे. ॲपच्या प्रोफाइलमध्ये टाइमझोन यूटीसी किंवा जीएमटी राहिला असेल तर त्याच्या हिशोबात रात्रीचे बारा आपल्या पहाटे साडेपाचला वाजतात. प्रोफाइलमध्ये कोलकाता किंवा इंडिया निवडा, फोनमध्ये तारीख, वेळ आणि टाइमझोन ऑटोमॅटिक ठेवा, घड्याळ एकदा सिंक करा म्हणजे त्याचीही वेळ जुळते. मागच्या दिवसांचं बदलेलच असं नाही, पण उद्याचं बरोबर पडेल.

पायरी ८: एवढं करूनही नाही आलं तर, तोडून परत जोडणं

आता तोडायचं, पण उलट्या टोकाकडून, म्हणजे घड्याळाला सगळ्यात शेवटी हात.

१. घड्याळाचं ॲप उघडून सिंक करा, घड्याळ आणि ॲपचा आकडा सारखा झालाय याची खात्री करा, स्क्रीनशॉट काढा.
२. कॅलरी ॲपमधून हेल्थ कनेक्टची जोडणी काढा.
३. हेल्थ कनेक्टमधून दोन्ही ॲपच्या परमिशन काढा. तिथं डेटा डिलीट करायचा का असं विचारलं तर नाही म्हणा.
४. फोन रिस्टार्ट.
५. घड्याळाच्या ॲपला लिहायची परवानगी, सिंक, हेल्थ कनेक्टमध्ये नोंद दिसली का बघा.
६. मग कॅलरी ॲपला वाचायची परवानगी.
७. एक दिवस थांबा. तरीही पायरी १ च्या टेस्टमध्ये घड्याळापाशीच तुटत असेल तरच अनपेअर करा.

नव्यानं जोडल्यावर जुनं किती येईल? हेल्थ कनेक्टमधून एखादं ॲप साधारणपणे परवानगी दिल्याच्या आधीच्या ३० दिवसांपर्यंतचंच वाचू शकतं, त्याहून जुन्यासाठी वेगळी परवानगी असते आणि ती प्रत्येक ॲप मागत नाही. त्यातही काही कॅलरी ॲप जोडणी केल्या दिवसापासूनचंच घेतात. म्हणून मागचे दोन महिने रिकामे दिसले तर परत परत तोडजोड करू नका.

मदत मागताना

कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधून फोन लावू नका. खोटे नंबर टाकून बसलेले असतात, ते स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावतात आणि ओटीपी मागतात. पावलं दुरुस्त करायला कुणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. ॲपच्या आतच हेल्प किंवा सपोर्ट असतं, तिथूनच लिहा.

आणि "सिंक होत नाही" एवढंच लिहिलं तर उत्तर म्हणून परत ॲप काढून टाका असंच येतं. त्यापेक्षा फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसचं व्हर्जन, घड्याळाचं मॉडेल, दोन्ही ॲपची व्हर्जन, कुठल्या तारखेला किती वाजता बघितलं, आणि पायरी १ च्या कागदावरचे चारही आकडे स्क्रीनशॉटसकट पाठवा. घड्याळ ६८४०, त्याचं ॲप ६८४०, हेल्थ कनेक्ट ६८४०, तुमचं ॲप ०, असं लिहून पाठवलं की त्यांना परत घड्याळाकडं बोट दाखवता येत नाही.